वाटाणा वहीत, सिकलसेल घरात

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हे प्रकरण आहे. त्यावरचा गृहपाठ ठरलेला असतो. उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचा संकर आकृतीने दाखवा, दुसऱ्या पिढीतील गुणोत्तर लिहा. मुले चार घरांची चौकट आखतात, मोठा आणि छोटा 'टी' भरतात आणि खाली तीनास एक असे लिहून मोकळी होतात. बहुतेकांची चौकट गाईडमधून येते, हल्ली मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून येते. उत्तर बरोबर असते, गुण मिळतात. वाटाण्याचे झाड मात्र त्यातल्या अनेकांनी पाहिलेले नसते.

त्याच प्रकरणात काही पाने पुढे सिकलसेल ॲनिमिया आहे. गृहपाठात तो 'टीप लिहा' या प्रश्नापुरता उरतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या शाळेत ही टीप लिहिणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरात तो आजार, निदान त्याचे जनुक, असते. वाटाण्याची चौकट आणि तपासणीनंतर घरी आलेला कागद, दोन्हींचे गणित एकच आहे. हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते.

हे आता सांगण्याचे कारण आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवणे, ही त्याची उद्दिष्टे. आदिवासीबहुल भागांवर भर असलेल्या या अभियानात महाराष्ट्र आहे. कोट्यवधी लोकांची तपासणी झाली, कार्डे वाटली गेली. कार्डावर 'एए', 'एएस' किंवा 'एसएस' असे लिहिलेले असते. आता हे कार्ड घरात वाचणार कोण? आजीला अक्षरओळख नाही, वडील सातवीपर्यंत शिकलेले, आशाताई समजावून पुढच्या घरी गेलेली. आनुवंशिकतेचे प्रकरण शिकलेले त्या घरातले एकमेव माणूस म्हणजे नववीतली मुलगी किंवा मुलगा. त्यालाच जर ते गणित घरच्या कागदाला लावता आले नाही, तर तपासणीचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.

आजार थोडक्यात असा. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. पण प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य वेदना. लहानपणीच पाणथरी निकामी होत जाते, त्यामुळे साधा वाटणारा ताप जिवावर बेतू शकतो. काही मुलांना पक्षाघातही होतो. हे सारे 'एसएस' असलेल्या रुग्णाचे. 'एएस' म्हणजे वाहक. त्याच्याकडे एक जनुक चांगले आणि एक सिकलचे असते, आणि रोजच्या आयुष्यात तो इतर कोणाइतकाच धडधाकट असतो. त्याला औषध लागत नाही. 'तुमच्या मुलीला सिकल आहे' असे मोघम बोलून वाहकाला रुग्ण ठरवण्याची चूक गावोगाव होते, आणि ती आरोग्य खात्यातली माणसेही करतात.

दुसरी चूक वहीतल्या चौकटीतूनच जन्मते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर चौकटीतल्या चारपैकी एका घरात 'एसएस' येते, दोन घरांत 'एएस' आणि एका घरात 'एए'. मुले याचा अर्थ असा लावतात, की चार अपत्यांपैकी एक आजारी होणार. मोठ्यांचाही तोच समज असतो. पहिले मूल आजारी निघाले की पुढची तीन ठीक असतील, असे धरून कुटुंब पुढे जाते. निसर्ग असा हिशेब ठेवत नाही. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता नव्याने 25 टक्के असते, आधी काय झाले याच्याशी तिचा संबंध नसतो. अशा जोडप्याला चार मुले झाली, तर बरोबर एकच मूल आजारी असण्याची शक्यता सुमारे 42 टक्के, एकही आजारी नसण्याची सुमारे 32 टक्के, आणि दोन किंवा अधिक आजारी असण्याची सुमारे 26 टक्के. चौकट ही शक्यतांची आहे, भावंडांची रांग नव्हे.

हे समजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, रुपयाची दोन नाणी पुरतात. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. छापा म्हणजे चांगले जनुक, काटा म्हणजे सिकलचे. दोन्ही एकदम उडवायची, काय पडले ते लिहायचे, आणि दर चार फेकींना एक 'कुटुंब' धरायचे. अशी 25 कुटुंबे झाली की दिसते: कोणाकडे दोन्ही काटे एकदाही आले नाहीत, कोणाकडे तीनदा आले. वर्गातल्या साऱ्यांचे आकडे फळ्यावर एकत्र केले की मग कुठे पाव हिस्सा जवळ येतो. या गृहपाठाचे उत्तर गाईडमध्ये असू शकत नाही, कारण प्रत्येक वहीत ते वेगळे असते. चॅटबॉट बनावट आकडे देईल, पण ती नाणी उडवण्यापेक्षा जास्त मेहनत आहे.

खुद्द मेंडेललाही नेमके तीनास एक कधी मिळाले नव्हते. उंचीच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीतली 787 झाडे उंच आणि 277 बुटकी निघाली, म्हणजे 2.84 ला एक. गोल आणि सुरकुतलेल्या बियांची मोजणी 5474 आणि 1850, म्हणजे 2.96 ला एक. मोजणी वाढली तसे गुणोत्तर तीनाकडे सरकले. हे आकडे पाठ्यक्रमात ठळकपणे आले, तर शक्यता आणि खात्री यांतला फरक मुलांना आपोआप कळेल. तो कळणे ही रुग्णालयातल्या समुपदेशनाची निम्मी तयारी आहे.

चौकटीच्या पुढचा प्रश्न सोयरिकीचा, आणि तो नाजूक आहे. दोघांची कार्डे लग्नाआधी जुळवून पाहावीत, असे अभियान सांगते. सल्ला योग्य आहे. पण प्रत्यक्षात कार्ड विचारले जाते ते मुलीचे. ती वाहक निघाली की स्थळ मोडते, मुलाची तपासणी झालेली नसली तरी. वाहक मुलीचे लग्न सिकलचे जनुक नसलेल्या मुलाशी झाले, तर एकही मूल 'एसएस' होणार नाही, फार तर निम्म्या शक्यतेने वाहक होईल. ही चौकट मुलांनी एकदा स्वतः भरली, तर ती मुलीच्या बाजूने बोलते. यात एक मेख मात्र आहे. जोडीदाराला सिकल नाही एवढ्यावर थांबता येत नाही. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर अपत्याला दोन्हींचा मिश्र आजार होऊ शकतो, आणि तो कधी कधी 'एसएस'इतकाच तीव्र असतो. गावपातळीवर होणारी साधी विद्राव्यता चाचणी थॅलेसेमिया दाखवत नाही. ती वाहक आणि रुग्ण यांतला फरकही सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. पहिल्या चाचणीच्या निकालावर कोणाचेही लग्न मोडू नये, हे म्हणून सांगावे लागते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत तर दोघांनाही एकाच आजोबांकडून तेच जनुक मिळण्याची शक्यता वाढते. तिथे तपासणी अधिक गरजेची.

सिकलसेल हा केवळ आदिवासींचा आजार आहे, हा समजही वहीत दुरुस्त व्हायला हवा. विदर्भात तो इतर अनेक समाजांत आढळतो. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही. त्याला लागतो मलेरियाचा इतिहास. सिकलचे एक जनुक असलेल्या माणसाला फाल्सिपेरम मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे ए. सी. ॲलिसन यांनी 1954 साली दाखवले. ज्या रानांत मलेरियाने पिढ्यान् पिढ्या मुले नेली, तिथे वाहक मुले अधिक जगली आणि जनुक टिकले. नैसर्गिक निवडीचे माणसातले याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडायचे नाही. इथे अभ्यासक्रमाचा एक विरोधाभास दिसतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलेच प्रकरण आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र 2023 च्या छपाईत उत्क्रांतीचा भाग गळला. देशभरातल्या अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याला लेखी विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, असे उत्तर मिळाले. पण जीवशास्त्र न घेणाऱ्यांचे काय? ती मुले जनुक कसे पुढे जाते ते शिकतील. ते आपल्याच भागात का टिकले, हे त्यांना कळणार नाही. मग 'शाप', 'रक्तातला दोष' ही जुनी उत्तरे आहेतच.

म्हणून शिक्षकांनी 'आपल्या घराची वंशावळ काढून आजार दाखवा' असा गृहपाठ द्यावा का? मुळीच नाही. वही बाकावर पडते, शेजारचा वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळते. आजाराची माहिती ही त्या मुलाची खासगी बाब आहे, प्रकल्पाचे साहित्य नव्हे. कल्पित कुटुंब द्यावे, नावेही कल्पित. रक्तगटाचा लोकप्रिय गृहपाठही याच कारणाने जपून द्यायचा. आईवडिलांचे गट लिहून 'तुमचा गट येऊ शकतो का ते तपासा' असे सांगितले, की एखाद्या घरात तक्त्याबाहेरचा गट निघतो आणि नको तो संशय शिरतो. दत्तक मूल असेल तर त्याला ते वहीतून कळते. कधी कार्डावरचा गटच चुकीचा लिहिलेला असतो. आणि कधी गोष्ट निराळीच असते. 1952 साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला, की जो नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसतो पण 'ओ' नसतो. जगभर तो बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. 'ओ' समजल्या गेलेल्या अशा बापाचे मूल 'एबी' असू शकते. शालेय तक्त्यात हे अशक्य ठरते, आणि बाप खराच असतो.

राहिला वर्गात बसलेला 'एसएस' विद्यार्थी. तो शाळा वारंवार बुडवतो म्हणून आळशी ठरतो, गृहपाठ अपुरा म्हणून उभा केला जातो. त्याच्या वेदना बाहेरून दिसत नाहीत. त्याला दिवसभर पाणी प्यायला हवे, म्हणजेच लघवीला जाण्याची मुभा हवी. आश्रमशाळेतल्या मुली स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी टाळतात, त्यांना हे थेट भोवते. थंडीत पहाटे गार पाण्याची अंघोळ, उन्हात लांबलेली कवायत, दोन्ही त्याच्यासाठी वेदनांचे निमित्त. ताप आला तर 'उद्या बघू' चालत नाही, त्याच दिवशी दवाखाना. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज नियमित घेतली, तर वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ बरीच कमी होते. ही गोळी वसतिगृहात कोण देते, सुटीत घरी जाताना किती दिवसांची दिली जाते, हे वॉर्डनला माहीत असावे लागते.

जागतिक सिकलसेल दिन 19 जूनला असतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे त्या दिवसाची पोस्टर्स रिकाम्या वर्गांच्या भिंतींवर लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. तो दिवस आणि नववीच्या आनुवंशिकतेच्या प्रकरणाचा आठवडा मुख्याध्यापक व तालुका आरोग्य अधिकारी यांनी बोलून जुळवला, तर पथकातल्या डॉक्टरला पाऊण तास फळ्यासमोर उभे करता येईल. दोन नाणी विद्यार्थ्यांनी आणावीत.