विश्लेषण : इंग्रजी येत असूनही ‘क्लॅट’चे उतारे का चुकतात?

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरसह देशभरातील राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेशासाठी होणारी ‘क्लॅट’ आता प्रामुख्याने वाचनाची परीक्षा झाली आहे. २०२० पूर्वी तिच्यात २०० प्रश्न असत आणि त्यांतील बहुतांश सुटे. आता १२० प्रश्न, १२० मिनिटे आणि कायद्यापासून चालू घडामोडींपर्यंत सारे काही उताऱ्यांतून. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रादेशिक भाषांसाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, तरी प्रश्नपत्रिका इंग्रजीच राहिली. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांची धास्ती त्यामुळे रास्त आहे. पण गुण केवळ भाषेमुळे जातात का?

वेळ कुठे जातो?

उतारा साधारण ४५० शब्दांचा, त्यावर पाच-सहा प्रश्न. म्हणजे एकूण नऊ-दहा हजार शब्द. मिनिटाला २०० शब्द या वेगाने ५० मिनिटे वाचनात जातात. प्रत्येक प्रश्नाला उरतात ३५ सेकंद. मग ‘वेगवाचना’चे क्लास आकर्षक वाटतात. मात्र मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील आढाव्यानुसार, वेग खूप वाढवला की आकलन घटते. वेळ खरा खाते ते दुसरे वाचन. पहिल्यांदा नुसती नजर फिरवलेली असते, म्हणून प्रत्येक प्रश्नाला पुन्हा वर जावे लागते.

सापळा पर्यायांत

समजा, उताऱ्यात म्हटले आहे की, ‘काही राज्यांत न्यायाधीशांच्या रिक्त जागांमुळे खटले लांबतात.’ पर्याय असतो : ‘खटले लांबण्याचे मुख्य कारण रिक्त जागा हेच आहे.’ वाचायला पटणारे, कदाचित खरेही. पण लेखकाने ‘मुख्य’ म्हटलेलेच नाही. ‘काही’चे ‘सर्व’, ‘शक्यता आहे’चे ‘होतेच’ असे बदल इथे गुण खातात. हुशार, वर्तमानपत्र वाचणारी मुलेही यात फसतात, कारण ती उताऱ्याऐवजी स्वतःच्या माहितीवरून उत्तर देतात.

मग माहिती निरुपयोगी? अजिबात नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेसबॉलची माहिती असलेल्या, पण वाचनात कच्च्या मुलांना सामन्याचा उतारा चांगला समजला. वाचनात पक्की, पण खेळ न कळणारी मुले मागे पडली. विषय ओळखीचा असला की वाक्ये जड जात नाहीत. आणि ही ओळख मराठीतूनही होते. राज्यपालांचे अधिकार किंवा जामिनाचे निकष यांवरचा मराठी लेख आधी वाचला, मग त्याच विषयावरचा इंग्रजी अग्रलेख घेतला, तर अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने लागतो. इंग्रजी लेख टाळून मात्र चालणार नाही.

सराव कसा?

रोज दहा उतारे सोडवून फक्त गुण मोजण्यापेक्षा तीनच सोडवावेत. प्रत्येक उत्तरासमोर त्याला आधार देणारी ओळ लिहावी, चुकलेल्या पर्यायात नेमका कोणता शब्द जास्तीचा होता तेही. ओळ सापडली नाही, तर बरोबर आलेले उत्तरही अंदाजच समजावा. हे कंटाळवाणे काम आहे आणि पहिल्या काही आठवड्यांत वेग कमी झाल्यासारखा वाटेल. अलीकडे परीक्षा डिसेंबरमध्ये होते. घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायला दिवाळीपर्यंत सुरुवात करायची असेल, तर हा संथ सराव पावसाळ्यातच सुरू व्हायला हवा.