‘चक्कर’ हे निदान नाही

डोळे मिटून तोंड धुता येतं तुम्हाला? मला येत नाही. साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनवर आपटते, म्हणून एक हात कायम नळावर असतो. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. निदान व्हायला तीन वर्षं लागली. तोवर माझ्या आजाराचं नाव होतं ‘चक्कर’, आणि कारणं घरोघरी तयार होती : नाश्ता केला नसशील, रक्त कमी असेल, रात्रभर मोबाइल बघतेस, टेन्शन घेतेस. एका डॉक्टरांनी मान वर न करता चक्करची गोळी लिहून दिली. ती मी आठ महिने खाल्ली.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वेगळी. खोली गरगर फिरते, ते वेगळं. काहीच फिरत नाही आणि नुसता तोल जातो, ते तिसरंच. अंधारी बहुधा रक्तदाबाकडे बोट दाखवते, गरगरणं कानाकडे किंवा मेंदूकडे, तोल जाणं मेंदू, मज्जारज्जू किंवा पायांच्या नसांकडे. माझी आजी हे तिन्ही शब्द नेमके वापरायची. आपण सगळं ‘चक्कर’मध्ये कोंबलं आणि पुढचा प्रश्न विचारायचं डॉक्टरांनीही सोडून दिलं.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते : आतला कान, डोळे, आणि पायांचे स्नायू-सांधे. लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम तिचा मेळ घालतात. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, वायरचं प्लास्टिक सोलावं तसं. हे या वाटेवर कुठेही होऊ शकतं. माझ्या पायांची खबर अर्धवट पोचते आणि तूट डोळे भरून काढतात. डोळे मिटले की उघडं पडतं. पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, ही रोम्बर्ग चाचणी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. यंत्र लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. ओपीडीत रांग असते, मान्य. पण तीन वर्षांत अर्धा मिनिटही नव्हता?

निदानानंतरचा आळस त्याहून वाईट. आता सगळ्याला एकच उत्तर : “एमएस आहे ना, मग होणारच.” गेल्या वर्षी कुशीवर वळले की खोली फिरायची. एमएस पुन्हा उसळला म्हणून स्टेरॉइड द्यायचं घाटत होतं. एका फिजिओथेरपिस्टने मला झटकन आडवं करून डोकं बाजूला वळवलं आणि डोळ्यांची थरथर पाहिली. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून नलिकेत शिरले होते. याला बीपीपीव्ही म्हणतात. ते कुणालाही होतं, एमएसवाल्यांनाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणायची डॉ. एप्ली यांची पद्धत 1992 मध्येच प्रसिद्ध झालीय. दोन बैठकांत माझी खोली थांबली.

“पण गोळीने बरं वाटतं ना?” पहिले काही दिवस, हो. महिनोन् महिने घेतली तर यातल्या बऱ्याच गोळ्या मेंदूला नव्याने तोल शिकू देत नाहीत. प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळीने कंप आणि ताठरपणाही येऊ शकतो. तोल सुधारायचे व्यायाम असतात आणि एमएसमध्ये त्यांचा उपयोग होतो. ते मला सगळ्यात शेवटी कळले.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. पण लोकलच्या दिव्यांग डब्यात कायदा चढत नाही. “धडधाकट तर दिसतेस!” असं तिथे ऐकलंय, आणि प्लॅटफॉर्मवर झोकांडी गेली तेव्हा “प्यायलीय वाटतं” हेही. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. सकाळी मी सरळ चालते. मेच्या दुपारी अंग तापलं की नसांमधले संदेश अडखळतात आणि मी भिंत धरते. टक्के कुठल्या वेळचे मोजायचे?

तेव्हा मित्र ‘चक्कर येते’ म्हणाला तर लिंबूसरबत देऊन मोकळे होऊ नका. विचारा : अंधारी, गरगर की तोल? किती वेळ? कुशीवर वळल्यावर का? सोबत अचानक बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळा पडला, तर थेट हॉस्पिटल गाठा. तोल वारंवार जात असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि डोळे मिटून उभं करून बघायला सांगा. नाही केलं, तर खुर्चीवरून उठू नका.