शिलालेखातला शक आणि पाठ्यपुस्तकातला सन

ऐहोळे येथील मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या काळातील रविकीर्ती कवीची प्रशस्ती कोरलेली आहे. हर्षवर्धनाला रोखणाऱ्या आणि ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर अधिकार गाजविणाऱ्या या राजाचा गौरव करून कवीने काळ नोंदविला आहे : भारतीय युद्धानंतर ३७३५ वर्षे लोटली, शककाळाची ५५६ वर्षे गेली. वर्ष एकच, गणना दोन, अंतर ३१७९. शके १९४७ मध्ये तेच ३१७९ मिळवले की ५१२६ हे पंचांगातील गतकली वर्ष येते. चौदा शतकांत एका वर्षाचीही गफलत नाही! युद्धाच्या काळाविषयी विद्वानांचे वाद खुशाल चालोत. सांधा मात्र निखळलेला नाही.

पाठ्यपुस्तकात या वर्षाचे काय उरते? ‘इ.स. ६३४’. मौज अशी की, त्या वर्षी खुद्द युरोपातही इसवी सन अभावानेच वापरला जात होता. डायोनिसियस या मठवासीयाने ५२५ मध्ये तो योजला आणि इंग्लंडच्या बीडने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथानंतर तो रुळू लागला. हिजरी सन खलिफा उमर यांनी प्रचारात आणला तोही रविकीर्तीच्या लेखानंतरच. असे असता, ज्याने भारतात कधी पाऊल ठेवले नाही आणि येथील एकही भाषा शिकली नाही, त्या जेम्स मिलने १८१७ मध्ये हिंदूंच्या कालगणनेची टर उडवावी, आणि येथल्या बुद्धिवंतांनी ती वेदवाक्य मानावी!

‘अनेक शक म्हणजे गोंधळ’, हा ठरलेला आक्षेप. नर्मदेच्या उत्तरेस व दक्षिणेस एकाच वर्षाची संवत्सरनामे निराळी, हे खरेच. परंतु उत्तरेत गुरूच्या गतीनुसार सुमारे ८५ वर्षांनी एक संवत्सर गाळतात, दक्षिणेत गाळीत नाहीत. हा नियम आहे, गोंधळ नव्हे.

अर्थात सारा दोष मिलच्या माथी मारून सुटका नाही. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ ला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती राजपत्राबाहेर किती घरांत पोहोचली? लग्नपत्रिकेवर शके छापले जाते. चालू संवत्सराचे नाव विचारावे तर घरातील सारे एकमेकांकडे पाहतात. सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी ते स्पष्ट उच्चारतात, आणि यजमान ‘मम’ म्हणून मोकळे होतात.