डिझेल नुसत्या पॅनेलने बंद होत नाही

बेटांवरच्या विजेचा विषय निघाला, की एक आक्षेप हमखास येतो. वारा लहरी, सूर्य संध्याकाळी मावळणारा. यांच्या भरवशावर बेट चालत नाही, तिथे डिझेलच हवे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मोठ्या ग्रिडमध्ये एके ठिकाणी ढग आले, तर शेकडो किलोमीटरवरचे दुसरे केंद्र भार उचलते. बेटाला तसा शेजारी नसतो. मागणी-पुरवठ्याचा मेळ काही सेकंद जरी बिघडला, तरी वारंवारता ५० हर्ट्झवरून ढळते आणि सगळे बेट अंधारात जाऊ शकते.

पण यावरून डिझेलला पर्यायच नाही असे ठरत नाही. टास्मानियाजवळच्या किंग आयलंडवर १९९८ मध्ये पवनचक्क्या आल्या. तरी डिझेल संच चालूच ठेवावे लागत, कारण वारंवारता सांभाळण्याचे काम तेच करत. पुढे हायड्रो टास्मानिया कंपनीने तिथे फ्लायव्हील (फिरत्या जड चाकात ऊर्जा साठवून ती क्षणात देणारे यंत्र), ३ मेगावॉटची बॅटरी आणि दीड मेगावॉटचा रेझिस्टर बसवला. मग वारा चांगला असताना सगळे डिझेल संच बंद ठेवता येऊ लागले. २०१५ मध्ये तर बेट सलग सुमारे ३३ तास डिझेलविना चालले.

यातला रेझिस्टर टीकाकारांना खटकतो. तो जास्तीची वीज चक्क उष्णतेत घालवतो, मग ही उधळपट्टी नव्हे का? नव्हे. वारा पडला, की रेझिस्टर तेवढीच वीज क्षणात सोडून देतो आणि ती घरांकडे वळते. त्या राखीव विजेसाठी एरवी डिझेल संच कमी भारावर फिरत ठेवावा लागला असता. फुकटचा वारा वाया घालवून विकतचे डिझेल वाचत असेल, तर तक्रार कशाची?

आता दुसऱ्या टोकाचे मित्र. त्यांचे म्हणणे सोपे: पॅनेल स्वस्त झाली आहेत, भरपूर लावा, डिझेल आपोआप सुटेल. सुटत नाही. बहुतेक डिझेल संच क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली फार वेळ चालवत नाहीत. इंधन अर्धवट जळते, धुराड्यात काजळी आणि तेलकट राप साचतो, इंजिन लवकर झिजते. समजा, संच १ मेगावॉटचा आहे आणि दुपारची मागणी ६०० किलोवॉट आहे. त्यातले ३०० संचाकडूनच घ्यावे लागतात. मग सौर क्षमता ३०० असो की ९००, त्या वेळी कामी येतात ३००च. बाकीची वीज सोडून द्यायची, आणि रात्रीचे डिझेल आहे तसेच.

बॅटरीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती रात्रभर पुरली पाहिजे, आणि तेवढी मोठी परवडत नाही म्हणून सगळी योजनाच बाद, असे ठरवले जाते. किंग आयलंडची बॅटरी साधारण दीड मेगावॉट-तासाची. दीड मेगावॉट भारावर ती जेमतेम एक तास पुरेल. तरीही ती उपयोगी ठरते, कारण वारा पडल्यापासून डिझेल संच सुरू होऊन भार घेईपर्यंतचा वेळ तिला निभवायचा असतो. अलास्कातल्या कोडिएक बेटावर जलविद्युत, वारा आणि बॅटरी होती, तरी बंदरातल्या मोठ्या विजेच्या क्रेनचे झटके झेलायला वेगळी फ्लायव्हील बसवावी लागली.

तेव्हा क्रम उलटा करायला हवा. आधी नियंत्रण यंत्रणा आणि झटपट धावून येणारी राखीव क्षमता; मग कमी भारावर चालू शकणारा लहान डिझेल संच; पाण्याचे पंप, बर्फाचे कारखाने, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे संयंत्र यांसारखी मागे-पुढे सरकवता येणारी कामे दुपारकडे वळवणे; आणि त्यानंतर जास्तीची पॅनेल वा पवनचक्क्या. लक्षद्वीपच्या कवरत्तीत २०२४ मध्ये बॅटरीसह सौर प्रकल्पाचे उद्घाटन झाले, ही दिशा योग्यच आहे. मात्र अशा प्रकल्पांच्या निविदेत किती मेगावॉट बसवणार एवढेच न विचारता, वर्षात डिझेल संच किती तास बंद राहतील हेही विचारावे, आणि ठेकेदाराचे पैसे त्या तासांशी बांधावेत.