आडरानातला मंगळवार

आमच्या बँकेत एक तारखेला पेन्शनची रांग पार जिन्यापर्यंत जाते. दहा तारखेला तोच काउंटर, तोच मी आणि तेच पैसे. पण समोर चिटपाखरू नसतं. तरीही एक तारखेलाच यायचं, तासभर ताटकळायचं आणि वर ‘बँकेत हल्ली फार गर्दी असते बुवा’ म्हणायचं, हा आपला बाणा. तोच आपण पाठीवर तंबू बांधून सह्याद्रीत नेतो.

‘सीझनलाच गेलं पाहिजे हो!’ म्हणणाऱ्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. सीझन म्हणजे काय? पावसाळ्यातला रविवार, जूनचे काजवे आणि एकतीस डिसेंबर. त्यात २०१५ पासून बँकांना दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा झाला, म्हणजे आमच्या जातभाईंचीही भर! कळसूबाई १६४६ मीटर उंच, पण सुट्टीच्या दिवशी तिच्या शिड्यांवरसुद्धा रांग. कोकणकड्याशी मुक्काम करावा, तर एका तंबूतलं घोरणं, दुसऱ्यातलं भांडण आणि तिसऱ्यातली गाणी ऐकत पडायचं. हे सगळं चाळीत फुकट मिळतं! काजवे बिचारे जोडीदार शोधायला दिवे लावतात. आपण त्यांच्या लग्नाच्या बैठकीत मोटारीचे हेडलाइट घेऊन घुसतो.

‘मग एखादी कुणालाच ठाऊक नसलेली जागा सांगा ना!’ ही दुसरी जमात. अहो, गुप्त जागा चारचौघांत सांगितल्याशिवाय ती शोधणाऱ्याला झोप लागत नाही. शांतता नकाशात शोधू नका, कालनिर्णयात शोधा. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार घ्या. धबधबे आटलेले, गवत वाळलेलं, फोटोत मिरवावं असं काही नाही; म्हणून माणूसही नाही. अमावस्या जवळ असली तर तारे वर फुकट.

मात्र ऑफ सीझन म्हणजे मोकाट सुटायचा परवाना नव्हे. गडावरचं टाकं हे असं खातं आहे, की ज्यात पुढचा भरणा जूनशिवाय होत नाही. तेव्हा पाचनईत किंवा खिरेश्वरला आधी पाण्याची चौकशी करा आणि लागेल तेवढं खालूनच न्या. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचं वनखात्याला विचारा. वाळल्या गवतात शेकोटी नकोच. एक ठिणगी आणि डोंगरभर वणवा! परतायचा दिवसही गावात सांगून ठेवा. पाय मुरगळला तर मंगळवारी हाक ऐकायला कुणी नसतं.

आणि जेवा गावातच. रविवारी ज्या मावशींना भाकऱ्या थापताना मान वर करायला सवड नसते, त्यांचा तवा मंगळवारी थंड असतो. एकाच रात्री चाळीस माणसं येण्याऐवजी दहा रात्री चार-चार आली, तर मावशींची जमा तेवढीच आणि डोंगराच्या नावे पडणारा खर्च कितीतरी कमी. हे कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. मी झालो ही गोष्ट वेगळी.

हे वाचून सगळेच मंगळवारी निघाले तर? छे हो! मराठी माणूस डोंगरासाठी जीव देईल, सी.एल. देणार नाही.