'असमर्थ' या शब्दाविषयी

पोटगीचा अर्ज हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषय कसा, असे कुणी विचारील. आमच्या मते तो भाषेचा विषय नक्कीच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. पण पत्नी 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' असावी, ही अट तशीच राहिली.

धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम या भागांतून जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल कोयत्यावर मिळते आणि बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. डोक्यावर मोळ्या वाहणारी बाई हिशेबात निराळी दिसतच नाही. नवऱ्याने टाकल्यावर तीच बाई लेकरू कडेवर घेऊन न्यायालयात येते, तेव्हा अर्ज तिच्या तोंडी 'असमर्थ' हा शब्द घालतो! नवऱ्याच्या कमाईचा पुरावा मागावा, तर मुकादमाच्या वहीपलीकडे कागद नसतो.

बाई थोडेफार कमावते एवढ्याने तिचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या निकालात सांगितले. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने दोघांकडूनही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र मागितले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देवविली. निकाल उदार आहेत. अर्जाचा मसुदा मात्र जुनाच. (मराठीच्या प्राध्यापकांनी तो एकदा वाचावाच.)

लेकराला असमर्थ म्हणावे. आईविषयी त्या शब्दाशेजारी निदान इतके तरी लिहावे: अर्जदार गैरअर्जदाराबरोबर एकाच कोयत्यात ऊस तोडीत होती, तिच्या निम्म्या मजुरीचा हिशेब तिला मिळालेला नाही.