अंतराळातला फ्रीज आणि आपल्या मुंगवड्या

गगनयानाचा विषय निघाला की आमच्याकडच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिथं फ्रीज असतो का?" अल्लीपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाइट गेली की फ्रीजचं नुसतं कपाट होतं. तेव्हा प्रश्न बरोबरच आहे म्हणा.

तर मंडळी, असतो. पण जेवणासाठी अगदी छोटासाच! १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅबवर खास जेवणाचे फ्रीजर होते, त्यातलं व्हॅनिला आइस्क्रीम अंतराळवीरांनी खाल्लं. आजच्या अंतराळ स्थानकावर मेल्फी नावाचा फ्रीजर आहे, उणे ८० अंशांच्याही खाली जाणारा, पण त्यात रक्त-लघवीचे नमुने. ऑक्टोबर २०१२ मध्ये असेच नमुने परत आणायला ड्रॅगन यानातून एक फ्रीजर वर गेला. जाताना रिकामा कशाला, म्हणून त्यात आइस्क्रीम भरून दिलं. आपण तरी नागपूरला रिकामी पिशवी कुठे नेतो?

मला ही वाटणी पटते. फ्रीजचं वजन आहे, त्याला वीज हवी. शिवाय घरी फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढला की मागची गरम हवा आपोआप वर जाते. यानात वजनच जाणवत नाही, त्यामुळे गरम हवा वर जातच नाही. ती पंख्याने हलवा, नाहीतर पाण्याच्या नळ्या फिरवून उष्णता बाहेर काढा. एवढा खटाटोप भाजीसाठी?

त्यापेक्षा वाळवण बरं. अन्न गोठवायचं आणि निर्वात पेटीत ठेवायचं, म्हणजे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. मग पाकीट महिनोन्‌महिने साध्या फळीवर राहतं. १९८४ मध्ये राकेश शर्मांसाठी म्हैसूरच्या संरक्षण अन्न प्रयोगशाळेने भारतीय पदार्थ तयार केले होते. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस घेऊन गेले.

मंगळाचं मात्र वेगळं. तिथे अन्न चार-पाच वर्षं टिकायला हवं आणि तेवढ्यात साध्या तापमानाला क आणि ब१ जीवनसत्त्वं घटत जातात. तिथे जेवणालाही थंड कपाट द्यावं, वजन गेलं खड्ड्यात.

गगनयानाची मोहीम मात्र तीन दिवसांची ठरली आहे. तीन दिवसांत कसला फ्रीज! इस्रोला कोणीतरी मुंगवड्या सुचवा... गरम पाण्याची सोय तेवढी बघा म्हणावं.